देवयानीचा धूसर ठिपका आणि विश्वाचा जन्म

गणेशोत्सव ज्या भाद्रपदात येतो, त्या महिन्याला हे नाव आकाशावरून मिळाले आहे. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र पूर्वाभाद्रपदा किंवा उत्तराभाद्रपदा नक्षत्राच्या आसपास असतो तो भाद्रपद. ही दोन नक्षत्रे मिळून चार ताऱ्यांचा एक भला मोठा चौकोन होतो. उत्सवाच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास पूर्वेकडे पाहिले तर तो एका टोकावर उभ्या धरलेल्या पतंगासारखा दिसतो. त्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून आणखी डावीकडे दोन तारे मोजावेत, तिथून वरच्या अंगाला वळून दोन मंद तारे मोजावेत. त्यांतल्या दुसऱ्या ताऱ्याला लागून, आकाश काळेभोर असेल तर, कापसाच्या बोळ्यासारखा एक धूसर ठिपका दिसतो. चतुर्थीला चंद्र पाहू नये असे आपल्याकडे सांगतात. त्या रात्री तो लवकर मावळतोही, त्यामुळे हा ठिपका शोधायला ती रात्र फार सोयीची. मांडवाच्या रोषणाईपासून थोडे दूर जावे लागेल, एवढेच.

हा ठिपका म्हणजे देवयानी दीर्घिका. साध्या डोळ्यांना सहज दिसणाऱ्या वस्तूंमधली ही सर्वांत दूरची. तिच्याकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. बोलताना आपण सगळ्यांनाच आकाशगंगा म्हणतो. पण मराठी विज्ञानलेखकांनी दोन शब्द वेगळे ठेवले आहेत आणि ते सोयीचे आहेत. आपला सूर्य ज्यात आहे ती आकाशगंगा, आणि अशा सर्व तारकासमूहांचे सामान्य नाव दीर्घिका.

विश्वाचा जन्म कसा झाला हा प्रश्न फार जुना. पण तो सोडवण्यासाठी कोणी दुर्बीण उचलली असे झाले नाही. लोक देवयानीसारख्या ठिपक्यांची यादी करत होते, त्यांचे प्रकार पाडत होते, अंतरे मोजत होते. ही सगळी कारकुनी कामे. ती करता करता विश्वाच्या आरंभाचा प्रश्न एक दिवस हिशेबाच्या वहीत येऊन पडला. त्याची ही हकीकत आहे.

ठिपक्यांची यादी

इराणातील इस्फहानच्या अल-सूफी या ज्योतिषाने इ. स. ९६४ च्या आपल्या ग्रंथात देवयानीच्या जागी एक लहानसा ढग असल्याची नोंद केली. त्यानंतर आठशे वर्षे त्यात फारशी भर पडली नाही. अठराव्या शतकात पॅरिसचा शार्ल मेसिए धूमकेतू शोधायच्या नादात होता. आकाशात धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे अनेक पुंजके त्याला फसवत. इतर धूमकेतूवाल्यांचाही वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याने अशा उपद्रवी पुंजक्यांची यादीच छापली. १७८१ सालच्या त्याच्या शेवटच्या यादीत १०३ नोंदी आहेत आणि देवयानी आहे ३१ व्या क्रमांकावर. आजही खगोलशास्त्रज्ञ तिला एम-३१ म्हणतात. टाळायच्या गोष्टींची यादी पुढे शोधायच्या गोष्टींची यादी झाली, असे उदाहरण विरळाच.

मेसिएच्या यादीवरून स्फूर्ती घेऊन विल्यम हर्शेल आणि त्याची बहीण कॅरोलिन यांनी इंग्लंडमध्ये अडीच हजारांच्या आसपास पुंजके नोंदवले. हर्शेल मुळात जर्मनीतून आलेला वादक, दुर्बिणी स्वतःच्या हाताने घासून बनवणारा. त्याच्याही आधी, १७५५ साली, इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने केवळ विचाराच्या बळावर म्हटले होते की हे पुंजके म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दूरदूरची तारकाबेटे असावीत. कल्पना सुंदर, पण पुरावा शून्य. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली आणि १८४५ साली तिच्यातून एका पुंजक्याला भोवऱ्यासारखे वळलेले हात आहेत असे पाहून त्याचे चित्र काढले. सर्पिल आकाराची ही पहिली ओळख. त्याच वर्षी तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ सुरू झाला आणि रॉससाहेब काही काळ आकाश सोडून रयतेच्या मागे लागले.

पुढे १८६४ साली विल्यम हगिन्स याने वर्णपट तपासून दाखवले की काही पुंजके नुसत्या तप्त वायूचे आहेत. देवयानीचा वर्णपट मात्र ताऱ्यांच्या प्रकाशासारखा निघाला. म्हणजे सगळे पुंजके एका जातीचे नव्हेत. मग देवयानी कोण? आपल्याच आकाशगंगेतला एखादा तारकापुंज, की बाहेरचे स्वतंत्र बेट? अंतर मोजल्याखेरीज उत्तर नव्हते, आणि अंतर मोजायला पट्टी नव्हती.

वृषपर्व्याची मोजपट्टी

ती पट्टी दिली हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या छायाचित्रपट्ट्या तपासायला स्त्रिया नेमलेल्या असत. दुर्बिणीला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. भिंगातून ताऱ्यांचे ठिपके न्याहाळायचे आणि आकडे मांडायचे. मोबदला तासाला ३० सेंट. लेव्हिटबाईंना ऐकूही नीट येत नसे. मॅजेलनी मेघ नावाचे दोन पुंजके दक्षिण गोलार्धातून छान दिसतात. पेरू देशातून आलेल्या त्यांच्या छायाचित्रांत बाईंनी तेज कमीजास्त होणारे १,७७७ तारे शोधून १९०८ साली प्रसिद्ध केले. त्यांत एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली: जो तारा अधिक तेजस्वी, तो उजळून मंदावायला अधिक दिवस घेतो. १९१२ साली २५ ताऱ्यांवरून त्यांनी हा नियम पक्का केला.

याचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. रात्री आगगाडीतून जाताना दूर टेकडीवरच्या वस्तीतले दिवे दिसतात. सगळे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून जो अधिक उजळ दिसतो तो खरोखरच मोठा दिवा. लहान मॅजेलनी मेघातल्या ताऱ्यांचे तसेच. एकदा का उघडझापीच्या काळावरून दिवा किती वॅटचा हे कळले, की तसाच दिवा दुसरीकडे कुठेही दिसो, तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. यात सगळी कल्पकता टेकडी निवडण्यात होती आणि ती बाईंची होती.

या जातीच्या ताऱ्यांना सेफीड म्हणतात, कारण त्यांतला एक नमुनेदार तारा सेफियस या तारकासमूहात आहे. सेफियसचे आपल्याकडचे नाव वृषपर्वा. ग्रीकांनी आकाशाच्या या भागात आपले एक राजघराणे बसवले होते. मराठी तारकानकाशांनी त्या जागी महाभारतातले ययातीचे घराणे बसवले. शर्मिष्ठा, देवयानी, ययाती सगळे शेजारीशेजारी. त्यामुळे मराठीत सांगायचे तर देवयानीचे अंतर शेवटी तिच्या सवतीच्या बापाच्या मापाने मोजले गेले. शुक्राचार्यांना हे आवडले नसते.

लेव्हिटबाई १९२१ साली कर्करोगाने गेल्या. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका नामांकित गणितज्ञाने त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवावे म्हणून पत्र पाठवले, तेव्हा त्या हयात नाहीत हे त्याला समजले.

दरम्यान अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर हा अबोल माणूस सर्पिल पुंजक्यांचे वर्णपट घेत होता. एकेका वर्णपटाला कित्येक रात्री लागत. १९१२ साली त्याला आढळले की देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. एवढा वेग तोवर कोणाचाही मोजलेला नव्हता. पण पुढच्या मोजण्या उलट निघाल्या. १९१७ पर्यंत त्याने २५ सर्पिलांचे वेग काढले आणि त्यांतले २१ आपल्यापासून दूर पळत होते. का, ते त्याला सांगता येईना.

२६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टन येथे या विषयावर जाहीर वाद झाला. हार्लो शॅप्ली म्हणत होते की आकाशगंगा तीन लाख प्रकाशवर्षे पसरलेली आहे आणि हे पुंजके तिच्यातलेच किंवा तिच्या अंगणातले आहेत. हेबर कर्टिस म्हणत होते की आकाशगंगा याच्या दशांश आहे आणि पुंजके तिच्या पार बाहेरची बेटे आहेत. शॅप्लींच्या हाताशी एक भक्कम वाटणारा मुद्दा होता. १८८५ साली देवयानीत एक नवा तारा चमकला होता. देवयानी खरोखर लाखो प्रकाशवर्षे दूर असेल, तर तो तारा कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी ठरतो, आणि ते अशक्य! अतिनवताऱ्याचा स्फोट खरोखर तेवढा प्रचंड असतो, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. गंमत म्हणजे दोघेही अर्धे बरोबर होते. सूर्य आकाशगंगेच्या मध्यापासून खूप दूर, एका कडेला आहे हे शॅप्लींचे म्हणणे खरे ठरले. बेटांविषयी कर्टिस खरे ठरले. सभेत बोलून मात्र काहीच ठरले नाही.

ते ठरले ५ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीतून एडविन हबल याने देवयानीचे छायाचित्र घेतले. त्यावर एका ठिपक्याला त्याने आधी नवतारा समजून खूण केली होती. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहता तो उघडझाप करणारा निघाला. हबलने पहिली खूण खोडली आणि उद्गारचिन्हासह तो रूपविकारी तारा असल्याचे लिहिले. काच आजही जपून ठेवलेली आहे. तो लेव्हिटबाईंचा सेफीड होता, ३१ दिवसांच्या आवर्तनाचा. हिशेब केल्यावर अंतर आले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आज आपण २५ लाख मानतो, पण नऊ लाखही पुरेसे होते. देवयानी बाहेरची ठरली. १ जानेवारी १९२५ रोजी हबलचा निबंध वॉशिंग्टनच्या परिषदेत वाचला गेला. तो स्वतः हजरही नव्हता.

लाडू, पेढा, मसूर आणि चकली

बेटे आहेत हे कळले, आता त्यांची जातवारी. १९२६ साली हबलने ती केली आणि आजही शाळेच्या पुस्तकांत तीच आहे. त्याची अक्षरे बाजूला ठेवून आपल्या फराळाच्या ताटावरून ती सांगतो, म्हणजे लक्षात राहील.

पहिली जात लंबवर्तुळाकार दीर्घिकांची. गोल लाडवापासून दाबलेल्या पेढ्यापर्यंत सगळे आकार यात येतात. हबलने त्यांना शून्य ते सात असे क्रमांक दिले. यांत वायू आणि धूळ फार कमी, त्यामुळे नवे तारे जवळपास जन्मत नाहीत. जुने, तांबूस तारे तेवढे उरलेले. कन्या राशीतली एम-८७ ही महाकाय दीर्घिका याच जातीची. तिच्या पोटातल्या कृष्णविवराचे चित्र २०१९ साली जगभर छापून आले होते.

दुसरी जात चकलीची, म्हणजे सर्पिल. मधे फुगवटा, भोवती चपटी चकती, चकतीत वळलेले हात. हातांत वायू, धूळ आणि नुकतेच जन्मलेले निळसर तारे. चकली घट्ट वळलेली की सैल, यावरून पोटजाती. काही चकल्यांच्या मधोमध ताऱ्यांची आडवी पट्टी असते आणि हात तिच्या टोकांपासून निघतात, त्या दंडसर्पिल. आपली आकाशगंगा साधी सर्पिल की दंडसर्पिल, हे ठरायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला, कारण घरात बसून घराचा दर्शनी भाग पाहता येत नाही. ती दंडसर्पिल आहे. तिच्यात निदान दहा हजार कोटी तारे आहेत, आणि केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर असलेला आपला सूर्य २२-२५ कोटी वर्षांत तिला एक प्रदक्षिणा घालतो.

या दोहोंच्या मधली जात भिंगाकार. मसुराच्या दाण्यासारखी, चकती आहे पण हात नाहीत. आणि ज्यांना कसलाच आकार नाही त्या अनियमित. सोऱ्यातून निसटून तुटलेल्या चकलीचे तुकडे म्हणा. मॅजेलनी मेघ बहुधा त्यांतच धरतात.

हबलने या जाती एका चिमट्याच्या आकारात मांडल्या: दांड्यावर लाडू-पेढे, सांध्यावर मसूर, पुढे एका पात्यावर साध्या चकल्या, दुसऱ्यावर दंडवाल्या. डावीकडच्यांना त्याने 'आधीच्या' आणि उजवीकडच्यांना 'नंतरच्या' असे म्हटले. नावामुळे पुष्कळांचा समज झाला की लाडवाची कालांतराने चकली होते. आज आपल्याला जवळपास उलटे दिसते. दोन मोठ्या चकल्या एकमेकींवर आदळल्या की त्यांचे हात विस्कटतात, वायू भराभर ताऱ्यांत खर्ची पडतो आणि मागे उरतो तो लाडू. म्हणजे दीर्घिकेचा आकार ही तिची कुंडली नसून तिच्या आयुष्यात काय काय घडले याची नोंद आहे. ज्या अर्थी त्यांना आयुष्य आहे, त्या अर्थी विश्वालाही ते असणार, ही शंका इथूनच बळावते.

आरंभाचा प्रश्न

स्लायफरचे वेग आणि हबलची अंतरे एकत्र ठेवली तर काय दिसते? हे काम पहिल्यांदा केले बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र या कॅथलिक धर्मगुरूने, १९२७ साली. तो गणितज्ञही होता. रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमनने १९२२ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व काढून दाखवले होतेच. लमेत्रने स्वतंत्रपणे तेच काढून वर प्रत्यक्ष दीर्घिकांचे आकडे जोडले. निबंध फ्रेंचमध्ये, बेल्जियमच्या एका नियतकालिकात. फारसा कोणी वाचला नाही. १९२९ साली हबलने २४ दीर्घिकांवरून तोच नियम मांडला: जितकी दूर, तितकी वेगाने पळते. वेग बहुतेक स्लायफरचे होते, पण निबंधात त्याचे नाव आले नाही. पुढची मोजणी मिल्टन ह्यूमसनच्या साहाय्याने झाली. हा माणूस शाळा सोडून माउंट विल्सनवर खेचरांच्या पाठीवरून सामान चढवायला आला होता. तिथेच झाडलोटीच्या नोकरीवर लागला आणि पुढे जगातल्या उत्तम निरीक्षकांपैकी एक झाला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली. स्लायफर अजून बाहेरच आहे.

सगळ्या दीर्घिका आपल्यापासूनच का पळतात? फुग्यावर कुंकवाचे ठिपके देऊन फुगा फुगवला तर प्रत्येक ठिपक्याला वाटते की बाकीचे आपल्यापासून दूर जात आहेत. तसे अवकाशच पसरत आहे. हा चित्रपट उलटा फिरवला तर सगळे एकदा एकत्र होते. लमेत्रने १९३१ साली त्या आरंभीच्या अवस्थेला आदिम अणू म्हटले.

पण इथे एक मोठी अडचण होती. हबलच्या आकड्यांवरून विश्वाचे वय निघत होते सुमारे २०० कोटी वर्षे, आणि खडकांतल्या किरणोत्सारावरून पृथ्वीचे वय १९४० च्या दशकात ३०० कोटींच्या पुढे चालले होते. आईपेक्षा मुलगी मोठी! महास्फोटाच्या विरोधकांना आज काहीजण हट्टी म्हणतात, तेव्हा हे विसरतात की १९४८ साली विरोध करणे हेच अधिक समंजसपणाचे होते. त्या वर्षी केंब्रिजच्या फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व पसरते हे मान्य, पण जागा रिकामी होईल तसे नवे द्रव्य अतिशय मंदपणे निर्माण होत राहते. म्हणून विश्व सदैव सारखेच दिसते, त्याला आरंभ नाही. 'बिग बँग' हे नावही हॉईल यांनीच १९४९ साली बीबीसीवरील भाषणात वापरले आणि विरोधकानेच बारसे केले.

वयाचा घोळ निस्तरला वॉल्टर बाडने. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये दिवे मालवण्याची सक्ती होती. बाड जर्मन नागरिक, शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून युद्धकार्यातून वगळलेला. परिणामी शंभर इंची दुर्बीण आणि विलक्षण काळे आकाश दोन्ही त्याच्या वाट्याला आले. देवयानीचे तारे सुटे सुटे पाहून तो ताऱ्यांच्या दोन पिढ्यांपर्यंत पोहोचला, आणि १९५२ साली त्याने जाहीर केले की सेफीडही दोन प्रकारचे आहेत. पट्टी चुकीची लावली गेली होती. दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली, विश्वाचे वयही दुप्पट. पुढे आकडे आणखी सुधारत गेले.

बनारसचा मुलगा

या वादात एक मराठी नाव ठळकपणे येते. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. पण वाढले ते बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख, स्वतः सापेक्षतावादाचे अभ्यासक. महाराष्ट्राबाहेर घर करून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना हे घर ओळखीचे वाटेल. बनारसहून १९५७ मध्ये पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि हॉईल यांचे विद्यार्थी झाले. १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि भारतीय वृत्तपत्रांनी २६ वर्षांच्या नारळीकरांना डोक्यावर घेतले. हा सिद्धांत आणि स्थिर स्थिती सिद्धांत एकच, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ते खरे नाही. स्थिर स्थिती सिद्धांत मांडला गेला तेव्हा नारळीकर दहा वर्षांचे होते. त्याचा कैवार मात्र त्यांनी आयुष्यभर घेतला.

आणि पुरावा मात्र दुसऱ्या बाजूला जमत गेला. १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत पेंझियास आणि विल्सन हे दोघे एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनातली खरखर घालवायच्या खटपटीत होते. आत घरटे केलेली कबुतरे हुसकली, त्यांची विष्ठा खरवडली, तरी खरखर जाईना. कोणत्याही दिशेला, कोणत्याही ऋतूत तीच. ती निघाली विश्वाच्या तप्त बालपणाची उरलेली ऊब, शून्याच्या जेमतेम तीन अंश वर निवलेली. अशी ऊब असावी हे जॉर्ज गॅमॉव यांचे सहकारी अल्फर आणि हर्मन यांनी १९४८ सालीच लिहिले होते आणि सगळे ते विसरले होते. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर मुंग्या दिसत, त्यांतल्या शंभरात एखादी या किरणांची असे. म्हणजे विश्वाचा जन्म आपण सगळ्यांनी घरबसल्या पाहिला आहे.

दुसरा पुरावा आपल्या देशातला आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. गोविंद स्वरूप यांनी उटीजवळच्या डोंगरउतारावर १९७० साली ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली. चंद्र एखाद्या रेडिओस्रोताच्या आड जातो त्या क्षणाच्या नोंदीवरून स्रोताचा आकार काढायचा, ही तिची रीत. स्वरूप आणि विजय कपाही यांनी अशा शेकडो नोंदींवरून दाखवले की दूरचे, म्हणजे जुन्या काळातले, रेडिओस्रोत जवळच्यांहून वेगळे आहेत. विश्व बदलत आले आहे. स्थिर स्थितीला हा थेट धक्का होता, आणि तो दिला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, जिथे नारळीकर १९७२ पासून प्राध्यापक होते. एकाच संस्थेत एक गट सिद्धांत सांभाळतो आहे आणि दुसरा तो मोडणारे आकडे छापतो आहे, आणि दोघांनाही पगार वेळेवर मिळतो आहे. मला आपल्या देशाच्या विज्ञानातली ही फार मोठी गोष्ट वाटते. नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात आयुका उभारली, तीही याच वळणाची. तिथले बहुतेक संशोधक महास्फोट धरूनच काम करीत आले. स्वतः नारळीकरांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये जुन्या सिद्धांताची सुधारलेली आवृत्ती मांडली. बहुसंख्यांना ती पटली नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी आपले मत सोडले नव्हते.

उत्सवाच्या अंकात आणखी एक गोष्ट लिहायला हवी. विश्वाच्या जन्माचा विषय निघाला की हे सगळे आमच्या वेदांत होतेच, असे कोणीतरी म्हणतो. ऋग्वेदातले नासदीय सूक्त जरूर वाचावे. पण त्यात महास्फोट नाही. त्याचा मोठेपणा वेगळाच आहे: सृष्टी कोठून आली हे वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल की नसेल, अशी शंका घेऊन ते थांबते. प्रश्न उघडा ठेवण्याचे एवढे धैर्य फार थोड्या जुन्या वाङ्मयात असेल. त्याच्या तोंडी उत्तर घातले तर त्याचा मान वाढत नाही.

आज विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे मानले जाते. त्यातही कुरबुरी आहेत. प्रसरणाचा वेग पुरातन उबेवरून काढला तर ६७ च्या घरात येतो आणि सेफीड-अतिनवताऱ्यांवरून काढला तर ७३ च्या, आणि मोजणी जितकी काटेकोर होते तितके हे अंतर मिटायचे नाव घेत नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी उडालेल्या जेम्स वेब दुर्बिणीने तर नवेच कोडे घातले आहे. विश्व जेमतेम २९ कोटी वर्षांचे असताना चांगली तेजस्वी असलेली एक दीर्घिका तिने २०२४ मध्ये दाखवली. एवढ्या लवकर एवढे तारे कसे जमले, यावर निबंधांचा पाऊस पडतो आहे.

आणि २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील दोघा संशोधकांनी वेबच्याच छायाचित्रांत एक चकली शोधल्याचे जाहीर केले. अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखी: मधे फुगवटा, दोन नीटस हात, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे रुंद. फरक इतकाच की ती विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असतानाची आहे. त्या काळात दीर्घिका वेड्यावाकड्या, धक्के खाऊन विस्कटलेल्या असाव्यात, आणि असे हात वळायला पुढे अब्जावधी वर्षे लागावीत, अशी समजूत होती. संशोधकांनी तिचे नाव अलकनंदा ठेवले, कारण हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि हिमालयात या दोन नद्या बहिणी आहेत. तिचे हात आतल्या आत उठलेल्या लाटांनी वळले, की शेजारच्या एखाद्या लहान दीर्घिकेने जाता जाता ओढल्यामुळे, हे अजून ठरलेले नाही. चकती शांतपणे फिरते आहे की आतून खळबळलेली आहे, हे आधी वर्णपट घेऊन पाहावे लागेल.